गच्चीवरची बुटकी, उन्हाला न घाबरणारी फुलझाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर वाळक्या झाडांचे फोटो यायला लागतात, आणि जुलैत परत एकदा येतात, पण जुलैतले फोटो जास्त वाईट असतात कारण उन्हाळा पार पडल्यावर झाड का मेलं हे कुणाला कळतच नाही. मी अकोल्याची. गच्चीवर १० बाय १४ फूट जागा आणि खाली गेटजवळ ४ फुटांचा पट्टा, एवढीच बाग, दुपारचं सगळं ऊन थेट अंगावर. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. नंबर दिलेत, कारण बऱ्याच उत्तरात "तिकडे बघा" असं येणार आहे.

१. बहुवर्षायू म्हणजे नक्की काय? झेंडू, शेवंती त्यात येतात का?

एकदा लावलं की दोन-चार वर्षं तरी तेच झाड फुलत राहतं ते बहुवर्षायू. झेंडू नाही, तो हंगामी, बी धरून मोकळा होतो. शेवंती म्हणायला बहुवर्षायू आहे पण ती थंडीत, दिवस लहान झाल्यावर फुलते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात जीव मुठीत धरून बसते, म्हणून माझ्या यादीत नाही. ऑफिस टाइम (म्हणजे पोर्तुलाका हे फुलझाड) उलटं, पुस्तकात हंगामी लिहिलेलं असतं पण आपण काड्या खोचत राहतो म्हणून घरात वर्षानुवर्षं असतं. आणि एक लक्षात ठेवा, सदाफुली-पेंटाससारखी झाडं दोन-तीन वर्षांनी बुडाशी लाकडासारखी होतात आणि फुलं कमी देतात, तेव्हा फांदीवरून नवीन करायचं, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही.

२. पहिल्यांदाच लावतोय, जागा कमी आहे, ऊन कडक आहे. कोणती झाडं घेऊ?

पाचच घ्या. सदाफुली, युफोर्बिया (काटेरी, छोट्या जोडपाकळ्यांची फुलं येतात ते), ऑफिस टाइम, अडेनियम आणि पेंटास. पहिली चार तर विसराळू माणसाकडेही जगतात, पेंटासला मात्र रोज पाणी लागतं पण फुलांचे गुच्छ आणि त्यावर येणारी फुलपाखरं बघितली की तेवढं करावंसं वाटतं. हात बसला की मिनी एक्झोरा, बुटकी रुएलिया, टर्नेरा, कोरांटी घ्या. रुएलियाचं मला फार कौतुक आहे, जांभळी फुलं, फूटभर उंची, उन्हातही चालते आणि पाणी साचलं तरी चालते, अशी झाडं मोजकीच. फक्त तिच्या शेंगा ओल्या झाल्या की टपकन फुटून बी उडतं आणि शेजारच्या सगळ्या कुंड्यात रोपं येतात. कुफिया दिसायला गोड पण एकदा पूर्ण सुकली की परत येत नाही, नवीन माणसानं घेऊ नये. अबोली सगळ्यांना हवी असते, तिला सकाळचं ऊन द्या, दुपारच्या उन्हात पानं फिकट पडतात आणि फुलांचा रंगही उडतो.

३. "फुल सन" म्हणजे किती तास? माझी बाल्कनी दक्षिणेला आहे, चालेल ना?

सलग किंवा तुकड्यातुकड्यात ६ तास थेट ऊन. उजेड वेगळा आणि ऊन वेगळं, जमिनीवर तुमची कडक सावली पडते का ते बघा. दक्षिणेच्या बाल्कनीची गंमत अशी की डिसेंबरात ऊन खोलवर आत येतं आणि मे महिन्यात जवळजवळ येतच नाही, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. अकोल्यात तर मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास दुपारी स्वतःची सावली पायाखाली जाते, मग वरच्या स्लॅबची सावली तुमच्या कुंड्यांवर पडणारच. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत उन्हाळ्यात फुलं कमी झाली तर खत घालत बसू नका, कुंड्या कठड्याच्या कडेला सरकवा. पश्चिमेची भिंत मात्र सगळ्यात अवघड, ती रात्री ९ पर्यंत गरमच असते.

४. कुंडी कुठली घेऊ? प्लास्टिकच्या काळ्या कुंडीत झाड का जळतं?

या झाडांच्या पानांना ऊन चालतं, मुळांना नाही चालत. जमिनीतलं मूळ वीतभर खाली गेलं की गारव्यात असतं, कुंडीतल्या मुळाला पळायला जागाच नसते. माझ्याकडे एक एक्झोरा नर्सरीच्या काळ्या पिशवीतच राहिलं होतं, "पुढच्या रविवारी लावू" करत करत एप्रिल गेला. दुपारी ३ वाजता पिशवीच्या कडेला बोट घातलं तर माती अंघोळीच्या पाण्याएवढी गरम. उपसून बघितलं तेव्हा पश्चिमेकडच्या बाजूची सगळी मुळं तपकिरी, चोळली की साल हातात येणारी, आणि पूर्वेकडची पांढरी, धडधाकट. एकाच झाडाची दोन बाजूची मुळं! तेव्हापासून मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत फिरते.

तर: १० ते १२ इंची कुंडी, फिक्या रंगाची. काळी असेल तर बाहेरून चुना मारा, दोन हात, स्वस्तात काम होतं. मातीची कुंडी सगळ्यात गार राहते पण पाणी जवळपास दुप्पट पिते. थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा ठेवा, त्यानं भोकही मोकळं राहतं. मोठी कुंडी बाहेर आणि लहान आत, मधे नारळाच्या शेंड्या भरायच्या, हा जुगाड पश्चिमेच्या कठड्यावर मस्त चालतो. आणि कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, एकीची सावली दुसरीवर पडते. वजनाचंही बघा, १२ इंची कुंडी ओली झाली की सहज २० किलोच्या वर जाते, गच्चीच्या मधोमध रांगा लावण्यापेक्षा भिंती-बीमच्या कडेनं ठेवा.

५. माती कशी करायची? आमच्या शेतातली काळी माती फुकट मिळते, तीच भरू का?

शेतात सोनं, कुंडीत गोटा. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेनं बोटभर भेग पडते, मग वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली आणि झाड तहानलेलंच. वापरायचीच असेल तर चार भागात एक भाग. माझं मिश्रण: २ भाग पोयट्याची किंवा लाल माती, १ भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, १ भाग जाडी वाळू किंवा विटेचा चुरा, आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट मी अर्धा भाग घालते, जास्त नाही, कारण आपल्या उन्हात ते एकदा ठणठणीत सुकलं की पाणी शोषतच नाही, वरून ओलं दिसतं आणि आत भुसा. अडेनियम, युफोर्बियासाठी अर्धी कुंडी विटेचा चुरा आणि बारीक खडी. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवा, सपाट ठेवलात तर तोच बूच होतो.

६. उन्हाळ्यात पाणी कधी आणि किती? दुपारी झाड माना टाकतं, तेव्हा घालू का?

सकाळी ७ च्या आत, तळातून बाहेर येईपर्यंत. रोज कपभर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि वरचीच माती सगळ्यात जास्त तापते. बोट दोन पेरं आत घाला, ओलं लागलं तर सोडून द्या. दुपारी पेंटास मान टाकते ती बऱ्याचदा तहान नसते, पानातून पाणी उडतंय तेवढं मुळांना ओढता येत नाही इतकंच, संध्याकाळी ६ वाजता बघा, उभी राहिली असेल तर काही करू नका. ६ वाजताही पडलेली असेल तर घाला. आणि दुपारी पाइप लावायचाच झाला तर आधीचं मिनिटभराचं पाणी बादलीत सोडा, उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी हात भाजेल इतकं असतं, मी एकदा ऑफिस टाइमची अख्खी ट्रे अशी उकडून काढलीय.

७. कूलरचं, आरओचं, एसीचं पाणी झाडांना चालतं का? बोअरचं पाणी खारं आहे.

एसीचं चालतं, त्यात क्षार नसल्यासारखेच. आरओतून बाहेर टाकलेलं पाणी म्हणजे तुमच्या पाण्यातले क्षार गोळा होऊन आलेले, ते फरशी पुसायला. कूलरच्या टबातलं तर लोक हमखास घालतात कारण उन्हाळ्यात दर आठवड्याला बादली दोन बादल्या निघतात आणि फेकवत नाही, पण विचार करा, पाणी उडून गेलं आणि क्षार टबातच राहिले, खसच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच तुमच्या मुळांवर बसणार.

बोअरचं म्हणाल तर अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी आणि पानांची टोकं जळल्यासारखी, ही खूण. उपाय पावसाचं पाणी, ते साठवता आलं तर उत्तम, नाहीतर पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू द्या. खाऱ्या पाण्यावर बरी चालणारी: सदाफुली, युफोर्बिया, बोगनवेल. एक्झोरा अजिबात नाही (प्रश्न १३).

८. हिरवी जाळी लावावीच लागते का?

प्रश्न २ मधल्या पाच झाडांना जुनी झाल्यावर नाही. नवीन लावलेल्या रोपांना आणि अबोलीला नवतपात, म्हणजे २५ मेपासूनचे ते नऊ दिवस, लावा. ५० टक्क्यांची घ्या, ७५ ची लावली तर झाड जगतं पण फुलत नाही. झाडाच्या शेंड्यापासून तीन-चार फूट वर बांधा, झाडावर पांघरूण घातल्यासारखी टाकली तर आत भट्टी होते.

९. नर्सरीतून आणलेलं भरगच्च फुललेलं झाड आठवड्यात मेलं. माझंच चुकलं का?

अर्धं. बरीचशी रोपं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकनं येतात आणि मुळांभोवती लाल चिकणमातीचा गोळा असतो. तो गोळा वाहतुकीसाठी बरा, पण तुमच्या हलक्या मातीत तसाच पुरला की बाहेरची माती ओली आणि गोळा आतून दगड, पाणी आत शिरतच नाही. मी रोप आणलं की बादलीत अर्धा तास बुडवते, गोळ्याचा बाहेरचा थर बोटांनी हलकेच सोडवते, मधला गाभा तसाच. त्यावरची फुलं-कळ्या कापून टाकते (हो, सगळ्या, मन घट्ट करून). पहिले चार-पाच दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. नर्सरीत ते जाळीखाली होतं, तुम्ही त्याला थेट अकोल्याच्या उन्हात उभं केलंत. आणि खरेदी मेमध्ये नका करू, जूनच्या शेवटी किंवा ऑक्टोबर हीट ओसरल्यावर करा.

१०. छाटणी कधी?

फेब्रुवारीत हलकी आणि पाऊस लागल्यावर जुलैत जरा जास्त. एप्रिल-मेमध्ये कात्री कपाटात ठेवा, पानांची सावली गेली की खोडाची साल भाजते. एक्झोरा फांदीच्या टोकाला फुलतं म्हणून गुच्छ सुकल्यावर लगेच एक-दोन पेरं खाली कापायचं, उशीर केलात तर पुढचा बहरच कापला जातो. युफोर्बिया कापताना चीक येतो, प्रश्न १६ बघा.

११. झाड हिरवंगार आहे, फूल नाही. काय घालू?

घालू नका, बंद करा. शेणखत, युरिया, डाळ-तांदळाचं पाणी, सगळं एकत्र चाललेलं असतं, नुसत्या नत्रावर पानं येतात. आधी ऊन तपासा (प्रश्न ३). मग महिन्याला कुंडीमागे मूठभर गांडूळखत आणि पाऊस सुरू झाल्यावर चमचाभर बोनमील (हाडांचा चुरा). कडक उन्हाळ्यात कुठलंच खत नाही. कच्चं शेण कधीच नाही, त्यातून हुमणी येते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, गच्चीवरच्या कुंडीतसुद्धा, आणि ती मुळं खाते. कोरांटी उन्हाळ्यात फुलत नसेल तर तिची चूक नाही, ती पावसाळ्यानंतर आणि थंडीत फुलणारी आहे.

१२. सदाफुलीनं अख्खा उन्हाळा काढला आणि जुलैत दोन दिवसात काळी पडून गेली. असं कसं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. उन्हाळ्यात मेलेल्या झाडांपेक्षा पावसाळ्यात मेलेली माझ्याकडे जास्त आहेत, कितीतरी जास्त. सदाफुली मूळची मादागास्करची, कोरड्या, मोकळ्या जमिनीतली. आपल्याकडे सततचा पाऊस लागला की मातीतली फायटोफ्थोरा नावाची बुरशी खोडात शिरते, आधी एक फांदी मान टाकते, लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, वरून अजून घालतात, दुसऱ्या दिवशी खोडाचं बूड काळं आणि मऊ. तिथं पोचल्यावर उपाय नाही, माती सकट काढून टाका, त्याच मातीत लगेच दुसरी सदाफुली लावू नका.

वाचवायचं ते आधी. मृगाच्या तोंडावर सदाफुलीच्या कुंड्या पत्र्याखाली किंवा छज्जाखाली सरकवा, खालच्या ताटल्या काढून टाका, भोकात बारीक काडी घालून मोकळं आहे ना बघा, बुडाची गच्च पानं खुडा म्हणजे वारं खेळेल. कुंडी जरा तिरकी ठेवली तरी फरक पडतो. आणि दर मे महिन्यात पिवळट झालेल्या बारीक शेंगा फुटायच्या आत खुडून बी कागदात ठेवा. अडेनियमचंही तेच, त्याला तर पाऊस लागूच देऊ नका असं मी म्हणेन.

१३. एक्झोराची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. खत देऊनही तसंच.

लोह कमी पडतंय, किंवा खरं सांगायचं तर मातीत असूनही झाडाला घेता येत नाहीये, कारण आपलं पाणी आणि माती दोन्ही अल्कधर्मी. नवीन पानांवर आधी दिसतं ही ओळख. तात्पुरतं म्हणून लिटरभर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्त, संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्यानं परत. मातीत घालायचं तर चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं), पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय ना बघा, ईडीटीएवालं अशा मातीत टिकत नाही आणि दुकानात बहुतेक तेच हातात देतात. दोनदा करूनही नाही सुधारलं तर एक्झोरा सोडा, पेंटास लावा.

१४. पांढरा कापूस चिकटलाय फांद्यांना.

पिठ्या ढेकूण. दोन-चार असतील तर कानातल्या काडीला स्पिरिट लावून पुसा. जास्त असतील तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं पातळ साबण, सूर्य मावळल्यावर. भर उन्हात तेल मारलंत तर पानं भाजतात आणि मग किडीचं नाव. मुंग्या चढताना दिसल्या तर त्यांचा बंदोबस्त आधी करा, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात.

१५. लँटाना म्हणजे आपली घाणेरीच ना? पैसे देऊन कशाला लावता?

बरोबर आहे राग. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला बागेसाठी म्हणूनच आणली आणि आज जंगलं भरलीत, गुरांना विषारी ते वेगळंच. जांभळी, लोंबती लँटाना ही वेगळी जात आहे, तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर मी चालवून घेईन, पण घर शेताला किंवा रानाला लागून असेल तर कुठलीच लावू नका, काळी फळं पाखरं खातात आणि बी लांब नेतात.

१६. घरात लहान मूल आणि कुत्रा आहे. यातलं विषारी काय?

अडेनियम, युफोर्बिया, सदाफुली तिन्ही. अडेनियमचा चीक पोटात गेला तर हृदयावर परिणाम होतो, युफोर्बियाचा डोळ्यात गेला तर आग आग होते, छाटताना मोजे घाला आणि हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका. मूल तोंडात घालायच्या वयाचं असेल तर पेंटास, एक्झोरा, अबोली यांवर भागवा.

१७. शुगरसाठी सदाफुलीची पानं चावून खाल्ली तर चालतील का?

नाही. दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. १९५० च्या दशकात कॅनडात ही पानं मधुमेहासाठीच तपासत होते, तेव्हा साखरेपेक्षा रक्तातल्या पांढऱ्या पेशीच कमी झालेल्या दिसल्या, आणि त्यातून पुढे विनब्लास्टीन हे कॅन्सरचं औषध आलं. ज्या पानातून केमोचं औषध निघतं ते सकाळी उपाशीपोटी चावायचं का, तुम्हीच सांगा.

१८. मी सकाळी ८ ला निघते, ७ ला येते. ऑफिस टाइम फुलतच नाही माझ्याकडे.

फुलतं हो, तुम्ही नसता तेव्हा! नावच ऑफिस टाइम आहे, ऊन चढलं की उघडतं आणि तुम्ही यायच्या आत मिटतं. टर्नेराही सकाळी उघडून दुपारी मिटते, रुएलियाची पाकळी संध्याकाळी गळते. तुम्हाला पेंटास, एक्झोरा, युफोर्बिया, सदाफुली, ज्यांची फुलं दिवसरात्र तशीच राहतात. आणि एक कुंडी मोगरा, बुटका, तो तर संध्याकाळीच उमलतो.

१९. मुंबईत किंवा दुबईत हेच चालेल?

मुंबईत तापमान कमी पण पाऊस आणि दमटपणा, तिथं प्रश्न १२ दहापट लागू. एक्झोरा, रुएलिया तिकडे आपल्यापेक्षा छान होतात. दुबईत सदाफुली रस्त्याच्या कडेलाही लावतात, नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असल्यानं क्षाराचा त्रास कमी, पण टाकीतलं पाणी उन्हाळ्यात चटका देणारं येतं, रात्री बादलीत भरून ठेवून पहाटे घालायचं.

२०. मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचंय, झाडांचं काय?

पेंटास, एक्झोरा, कुफिया पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत एका जागी गोळा करा, वर पालापाचोळ्याचा किंवा शेंड्यांचा दोन इंच थर, आणि मधे पाण्याची बादली ठेवून तिच्यातून प्रत्येक कुंडीत सुती कापडाची वात सोडा, एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं मातीत बोटभर आत. निघायच्या दोन दिवस आधी करून बघा, वात कधीकधी ओढतच नाही. ऑफिस टाइम, युफोर्बिया, अडेनियमला जाताना पोटभर पाणी द्या, आठ दिवस काही होत नाही. शेजारी किल्ली देणार असाल तर कुठल्या कुंडीला पाणी घालायचं नाही ते खडूनं कुंडीवरच लिहा. मी नुसतं तोंडी सांगितलं होतं. शेजारच्या काकूंनी बिचारीनं "एवढ्या उन्हात कसं राहील लेकरू" म्हणून माझ्या सहा वर्षांच्या अडेनियमला सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घातलं, मी आले तर वरून फुललेलं, आणि बूड दाबलं तर पिकल्या केळ्यासारखं बोट आत गेलं.